तोलाईचं खातं

शेतकऱ्यानं आडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानात, माल घातला की त्याच्या हातात जी हिशोबाची पट्टी पडते, तिच्यात दोन कपाती ठरलेल्या असतात. एक हमाली आणि दुसरी तोलाई, म्हणजे माल तोलण्याची मजुरी. आमच्या मांजरीचं नाव तिथून आलंय. लातूरच्या मार्केट यार्डातल्या ज्या आडतीवर ह्यांनी ३१ वर्षं मुनीमकी केली, तिथल्या काट्यावर ती दिवसभर बसून असायची. तूर असो की सोयाबीन, आधी तिला उचलून बाजूला ठेवायचं, मग कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, काट्यावर चढवायचा. कट्टा उतरला की ही परत जागेवर. कुण्या हमालानं एकदा म्हटलं, "मुनीमजी, हिची बी तोलाई लावा की पट्टीत." तेच नाव पडलं.

दहा वर्षं मला ती फक्त ऐकून माहीत होती. रात्री ताटावर बसलं की ह्यांच्या बोलण्यात तिचं काहीतरी यायचंच. आज पोत्यांच्या थप्पीच्या शेंड्यावर चढून बसली, आज मालकाच्या गादीवर उंदीर आणून ठेवला. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली, शेतात उभा हरभरा झोडपून निघाला, त्याच दिवसांत ती बारदान्याच्या ढिगात सापडली. मुठीएवढी होती. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायला लागलं, तेव्हा हमाल घरून बाटली भरून आणायचे आणि स्वतः प्यायच्या आधी तिच्या वाटीत घोटभर ओतायचे. आमच्याकडं वर्षं अशीच लक्षात राहतात. कुठल्या साली काय झालं हे तारखेनं सांगता येत नाही, पण गारपिटीच्या आधी की नंतर, रेल्वेच्या पाण्याच्या साली की त्याच्या पुढच्या, हे पक्कं सांगता येतं. म्हणून तोलाईचं वय आम्हाला नेमकं ठाऊक आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात मालकांनी आडत बंद केली. मुलांना धंद्यात यायचं नव्हतं. हमाल दुसऱ्या आडतींवर लागले, बारदाना विकला गेला, मोठा काटा विकला गेला. तोलाईचं काय करायचं, हे कुणी काढलंच नाही. शेजारच्या आडतीवर दोन तरणे बोके होते, ते तिला पायरीला टेकू देईनात. उंदीर समोरून गेला तरी ती नुसती बघत राहायची. एक जुना हमाल ह्यांना म्हणाला, "आता हिच्यानं काय होत न्हाई. जाईल कुठंबी." तो दुष्ट माणूस नव्हता. दहा वर्षं आपल्या भाकरीतला तुकडा त्यानं तिला घातला होता. पण काम संपलं की जागा संपली, हा हिशोब यार्डात माणसांनाही लागू आहे, आणि तो त्याच हिशोबानं बोलला.

शेवटच्या दिवशी ह्यांनी घरी दोन गोष्टी आणल्या. नमुन्याचा माल तोलायचा लहान इलेक्ट्रॉनिक काटा, आणि तुरीच्या पोत्यातून तोंड बाहेर काढून बसलेली तोलाई.

मी सरळ नाही म्हटलं. कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक पिल्लू होतं, नातीच्या हट्टापायी आणलेलं. गोड होतं, ते नाकारत नाही. पण चार महिन्यांचं पिल्लू म्हणजे घरातलं वारं असतं. पडद्यावर चढायचं, वाळत घातलेल्या लुगड्याला लोंबकळायचं, सुईतला दोरा गिळायचं आणि रात्री दोनला पायाच्या अंगठ्यावर झडप घालायचं. सगळं चाललं असतं. पण आत्याबाई, माझ्या सासूबाई, तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या आणि काठी टेकत चालायच्या. हलणारी काठी पिलाला शिकारच वाटली. एक दिवस ते काठीवर झेपावलं, आत्याबाई न्हाणीच्या दारात पडल्या आणि मनगट मोडलं. पिल्लू माझ्या बहिणीच्या शेतावर गेलं, तिथं सुखात आहे. मी मात्र ठरवलं होतं की आता या घरात मांजर नको.

आत्याबाईंनी पोत्यातलं ते तोंड पाहिलं. डाव्या कानाचा तुकडा गेलेला, हनुवटीवर पांढरे केस, डोळ्यांत निळसर झाक. त्या म्हणाल्या, "म्हातारी हाय की ही. हिला कशाला आनलास?" आणि थोडं थांबून, "आनलास तर असू दे. ही कुठं पळतीय."

"कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला," असं आपण म्हणतो, आणि त्यावरूनच लोक मोठं मांजर घ्यायला कचरतात. पिल्लूच आणावं, लहानपणापासून लळा लागतो, मोठं मांजर दुसऱ्या घरी राहत नाही. पहिले अकरा दिवस मलाही ते खरं वाटलं. कोठीच्या खोलीत धान्याच्या पिंपामागं ती जी जाऊन बसली, ती फक्त रात्री बाहेर यायची. सकाळी वाटी रिकामी दिसायची आणि घमेल्यातली वाळू उकरलेली. घमेलं मी उगीच ठेवलं होतं, मोठ्या मांजराला आता कोण शिकवणार असं मनात म्हणत. तिला काही शिकवावंच लागलं नाही. पहिल्या रात्रीपासून तिनं घमेलंच वापरलं.

ह्यांनी एक गोष्ट बरोबर केली. तिला सगळं घर एकदम दाखवलं नाही. एकच खोली, दार लोटलेलं, आणि तिचं तेच तुरीचं पोतं. ते धुवायचं मी दोनदा म्हटलं, ह्यांनी धुवू दिलं नाही. मांजर जग वासानं ओळखतं, गालाजवळच्या ग्रंथींतून आपला वास वस्तूंना लावून ठेवतं. सगळ्या अनोळखी वासांमध्ये त्या पोत्याएवढी जागा तिच्या ओळखीची होती. बाराव्या दिवशी दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, घर एकदम शांत झालं. मी आत्याबाईंच्या पायाला तेल लावत होते. तोलाई कोठीच्या खोलीतून बाहेर आली, भिंतीला घासत घासत पलंगापर्यंत गेली आणि आत्याबाईंच्या काठीला गाल लावला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग काठीशेजारीच फरशीवर पाय पोटाखाली घेऊन बसली.

त्याच काठीवर ते पिल्लू झेपावलं होतं. मी तेलाचा हात तसाच धरून बघत राहिले.

पिल्लू आणताना आपण खरं तर काय आणतो ते आपल्याला ठाऊक नसतं. ते मोठं होऊन मांडीवर बसेल की बोचकारेल, माणसांत रमेल की माळ्यावर राहील, लहान मुलांना सोसेल की नाही, सगळं पुढं ठरायचं असतं. दहा वर्षांच्या मांजराचा स्वभाव घडून गेलेला असतो. तोलाईला गोंगाट चालतो, ती यार्डात वाढलीय. ट्रकचा हॉर्न वाजला तरी कान हलत नाही. पोटाला हात लावलेला चालत नाही. डोक्यावर, कानांच्या मधे चालतो. दुसरं मांजर चालत नाही. हे सगळं ह्यांना आधीच माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते पंधरा दिवसांत कळलं. घडवायचं काही नव्हतं, फक्त समजून घ्यायचं होतं. आमच्यासारख्या घरात, जिथं एक ८४ वर्षांची बाई आहे, एक नुकताच निवृत्त झालेला माणूस आहे आणि मी दिवसभर शाळेत असते, तिथं याचं मोल फार आहे. मोठं मांजर दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतं. घर एकटं सोडलं तर ते काही मोडत नाही.

वयाचाही एक हिशोब आहे, तो कुणी मोकळेपणानं बोलत नाही. घरात सांभाळलेलं मांजर पंधरा-सोळा वर्षं सहज जगतं, कधी त्याहून जास्त. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं पिल्लू आणलं तर त्या पिलाच्या म्हातारपणी त्याला बघणार कोण? आमच्या गल्लीत एक काकू आहेत, यजमान गेल्यावर एकट्या पडलेल्या. मुलगा म्हणाला, पुण्याहून पर्शियन पिल्लू पाठवतो. त्यांनी ते नको म्हटलं. खालच्या भाडेकरूंची बदली झाली तेव्हा मागं राहिलेली नऊ वर्षांची मनी त्यांनी ठेवून घेतली. मला म्हणाल्या, "आमचं दोघींचं जमतंय. तिला बी जिना चढवत नाही, मला बी." भाडेकरू गेले, घर बदललं, नवऱ्याची बदली झाली, घरात बाळ आलं, आणि मांजर मागं राहिलं, हे लातुरात मी इतक्यांदा पाहिलंय. पिलांना कुणी ना कुणी उचलतं. मोठ्या मांजराकडं लोक दारातूनच बघतात आणि विचारतात, हिचं पिल्लू आहे का एखादं?

मांजराची पहिली दोन वर्षं माणसाच्या चोवीस वर्षांएवढी धरतात आणि पुढचं एकेक वर्ष चार वर्षांएवढं. म्हणजे घरी आली तेव्हा तोलाई छप्पन्न वर्षांची बाई होती. मीही तेव्हा छप्पन्नचीच होते. दाढ दुखत असताना बाई काम करत राहते आणि कुणाला सांगत नाही, हे मला कळतं. तोलाईही कधी ओरडली नाही. ती फक्त भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची, मान तिरकी करायची आणि खाली ठेवायची.

लातुरात ह्यांनी दाखवलं तिथं जनावरांचे डॉक्टर चांगले होते, पण रोजचा सगळा राबता म्हशी-बैलांचा. त्यांनीच सांगितलं, उदगीरला जा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८७ पासूनचं. साठ-पासष्ट किलोमीटर, भाजीच्या क्रेटवर जाळी बांधून, आत ते पोतं घालून तिला नेली. सगळा रस्ता ती गप्प होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून दाखवलं. दाढांवर पिवळा खडूसारखा थर, हिरड्या लालभडक, दोन दाढा मुळाशी कुजलेल्या. म्हणजे तिनं उंदीर धरणं सोडलं ते वयामुळं नव्हतंच. तोंड दुखत होतं म्हणून सोडलं होतं. मला त्या वेळी जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. "हिच्यानं काय होत न्हाई" असं ठरवून आपण किती जणांना मोडीत काढतो, आणि तोंड उघडून बघत नाही.

रक्त तपासलं, दाढा काढल्या. दिवाळीनंतर गर्भाशयाचं ऑपरेशनही करून घेतलं. आडतीवर तिनं किती वेळा पिलं घातली आणि सात घरं फिरवली त्याची मोजदाद नाही, आणि ऑपरेशन न झालेल्या वयस्क भाटीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, तो जिवावर बेततो. दाढा काढल्यानंतर पंधरा दिवसांत ती वाटी चाटूनपुसून साफ करायला लागली.

आता वाटीत काय घालायचं हा आमच्या घरातला मोठा प्रश्न होता. आत्याबाई माळकरी. पंढरीची वारी पायानं केलेल्या. घरात अंडंसुद्धा येत नाही. दूध-भाकरीवर मांजर जगतं असं मीही समजत होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य मांसातूनच घ्यावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. आडतीवर ते उंदरांतून मिळत होतं. आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतच नाही. मी घरी येऊन भीत भीत सांगितलं. आत्याबाईंनी जपमाळ खाली ठेवली. म्हणाल्या, "तिचं तिला खाऊ दे. तिनं कुठं माळ घातलीय?" तेव्हापासून मागच्या अंगणात वेगळी शेगडी आहे, वेगळं पातेलं आहे. मांजराच्या ओल्या खाण्याची पाकिटं येतात आणि आठवड्यातून दोनदा ह्यांच्या हातचं उकडलेलं चिकन. वास आला की आत्याबाई पदर नाकाला लावतात आणि विचारतात, "खाल्ली का गं?"

दोन गोष्टी मी सगळ्यांना सांगत असते, त्या इथंही सांगते. तोलाईचे मागचे पाय सकाळी आखडायचे. एका शेजारणीनं आपुलकीनं सांगितलं, पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दे. देऊ नका. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, एका गोळीनं मांजर मरू शकतं. आणि गोचिडासाठी एका औषधाच्या दुकानात मला कुत्र्याचंच औषध दिलं होतं, "सगळं एकच असतं" म्हणून. वेष्टनावर परमेथ्रिन लिहिलेलं होतं. उदगीरला फोन केला म्हणून वाचलो, मांजराला तेही विष आहे. आखडलेल्या पायांसाठी आम्ही शेवटी काय केलं, तर पलंगाशेजारी देवघरातला जुना पाट ठेवला आणि त्याच्यापुढं एक वीट. दहा कट्ट्यांच्या थप्पीवर एका उडीत जाणारी तोलाई आता विटेवर पाय ठेवते, थांबते, पाटावर येते, थांबते, मग आत्याबाईंच्या पायथ्याशी जाते. घाई करत नाही. आम्हीही उचलत नाही.

रात्री आत्याबाईंना झोप येत नाही. तीनच्या सुमाराला त्या उठून बसतात, आणि त्याच वेळेला तोलाईही उठते. यार्डात लांबून आलेल्या गाड्या पहाटेच लागायच्या, त्याची सवय असेल. पूर्वी आत्याबाई त्या वेळी मला हाक मारायच्या. कारण काही नसायचं. तहान नसायची, दुखत नसायचं, फक्त अंधारात कुणीतरी जागं असावं असं वाटायचं. आता हाक येत नाही. मी कधी उठून पाहिलं तर शून्याच्या दिव्यात दोघी समोरासमोर बसलेल्या असतात. आत्याबाई तिला गावाकडच्या गोष्टी सांगत असतात, त्यांच्या माहेरच्या माळवदाच्या, धान्याच्या बळदात उतरलेल्या नागाच्या. तोलाई डोळे हळूच मिटते, हळूच उघडते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून आपण त्या मिटल्या डोळ्यांना लबाडी ठरवून टाकलंय. प्रत्यक्षात हळू मिटलेले डोळे ही मांजराची भरवशाची खूण आहे. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी तपासून पाहिलं, तेव्हा अनोळखी माणसानं तसे हळू डोळे मिटले तर मांजरं त्याच्याजवळ जास्त येतात असं दिसलं. आत्याबाईंना हे मी सांगितलं नाही. त्या आधीपासूनच तसं करत होत्या.

म्हातारं मांजर उपकार जाणतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. तिनं आमचे उपकार मानावेत असं काही आम्ही केलेलंही नाही. ती आडतीवर दहा वर्षं राबली, तिच्या जिवावर तिथली पोती उंदरांपासून वाचली, आणि त्या पोत्यांच्या हिशोबावर आमचं घर चाललं.

या वर्षी मे महिन्यात तिची पाण्याची वाटी लवकर रिकामी व्हायला लागली. लातुरात राहणाऱ्या माणसाचं पाण्याकडं लक्ष असतंच. नळाचा दिवस, टाकीची पातळी, पिंपात किती उरलं, हे डोळे आपोआप मोजत असतात. दीडशे मिलीलीटरची वाटी पूर्वी दिवसभर पुरून उरायची, ती आता तीनदा भरावी लागत होती. घमेल्यातले ओल्या वाळूचे गोळे मोठे झाले होते. मी म्हटलं, ऊन आहे. ह्यांनी वही काढली.

या वहीचं सांगायचं राहिलं. तोलाई घरी आली त्याच आठवड्यात ह्यांनी लाल कापडी बांधणीच्या एका कोऱ्या वहीत तिचं खातं उघडलं. वर "श्री", खाली "तोलाई", मग रकाने. दर रविवारी सकाळी तो आणलेला काटा ओट्यावर मांडला जातो. तिला उचलावं लागत नाही, काटा दिसला की ती स्वतः येऊन बसते. आली तेव्हा ३ किलो १८० ग्रॅम. दाढा काढून दिवाळी झाली तेव्हा ३ किलो ६४०. आणि मेमध्ये रकान्यात ३ किलो ४९०, ३४०, २१०. अंगावर केस दाट असतात, हाताला कळत नाही. काट्याला कळतं.

डॉक्टरीणबाईंचा ढोबळ हिशोब असा: अन्नातलं पाणी धरून मांजराला किलोमागं दिवसाला ५० मिलीलीटरच्या आसपास लागतं, १०० च्या वर गेलं की तपासायलाच हवं. तपासलं. मूत्रपिंडं दुबळी झालीत, आजार दुसऱ्या टप्प्यात आहे. वयस्क मांजरांमध्ये हा आजार फार दिसतो. बरा होत नाही, पण लवकर कळला तर पथ्यावर काही वर्षं चांगली जाऊ शकतात. आम्हाला लवकर कळला, आणि तो तोलाईच्या काट्यावर बसायच्या सवयीमुळं कळला. फॉस्फरस कमी असलेलं खाणं सुरू केलं. घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, खाण्यापासून लांब, कारण बऱ्याच मांजरांना अन्नाजवळचं पाणी आवडत नाही, असं म्हणतात. खर्च आहे. माझ्या पगारातून जातो, आणि तो मी मोजते, पण कुरकुरत नाही. पिलालाही लसी, जंताची औषधं, ऑपरेशन हे सगळं लागतंच.

कुणी विचारतं, आणलीत आणि वर्षात आजार निघाला, वाईट नाही वाटत? वाटतं. पहिल्या दिवशी न्हाणीत जाऊन रडले. पण हा आजार ती यार्डात राहिली असती तरी झालाच असता, फक्त तिथं वाटी कुणी मोजली नसती. आणि हे दीड वर्ष, पाट आणि वीट आणि पहाटे तीनच्या त्या बैठका, हे माझ्या घरात झालंय. ते जमेच्याच बाजूला लिहिलं पाहिजे.

गेल्या रविवारी गारठा होता. ह्यांनी काटा मांडला, फडक्यानं पुसला, शून्य केला. तोलाई पोत्यावरून उठली, आधी पुढचे पाय ताणले, मग मागचा एकेक. ओट्यापाशी ठेवलेल्या स्टुलावर चढली, थांबली, काट्यावर गेली आणि शेपूट पायांभोवती गुंडाळून घेतली. शेपूट बाहेर राहिली तर आकडा हलतो, हे तिला आडतीवर कुणी शिकवलं होतं की काय कोण जाणे. आकडे लुकलुकले, स्थिर झाले. ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि वहीत लिहिलं.

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "किती भरली रे?"

"तीन दोनशे नव्वद."

"आन् मागं?"

"दोनशे सत्तर."

"मग बरंय," त्या म्हणाल्या. "उतरू नको म्हनावं तिला, बस म्हनावं जराशी."